तिसऱ्या दिवशी तोंड येतं

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि खरं म्हणजे आजही नाही. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा, टाक, सगळं नदीत सोडून दिलं. तेव्हापासून आमच्याकडे अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही, अमावस्या पाळणं नाही. त्यात मी नर्स. म्हणजे एएनएम, खेड्यातल्या उपकेंद्राची. ताप म्हटला की आधी बोटातून रक्त घ्यायचं, मग बाकीची चर्चा — वीस वर्षांच्या नोकरीने एवढं तर अंगात मुरतंच. या सदरातले अनुभव मी वाचायची ते दुपारी पेशंट नसले की, आणि हसायची. पिंपळ, पांढरी साडी, वळणावर हात दाखवणारी बाई... आमच्याकडे त्यातलं काहीच घडलेलं नाही. आमच्याकडे फक्त एका माणसाचं तोंड येतं. पण तेवढ्यानेच आमची सहा वर्षं खाल्ली, म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव राळेगावहून सात किलोमीटर आत, जिल्हा यवतमाळ. घरात मी, प्रज्ञाचे बाबा, आमची प्रज्ञा (तेव्हा दुसरीत होती) आणि सासूबाई. तीन एकर शेत, कापूस आणि मधे तुरीची तासं. पण यांचं खरं काम शेती नव्हे. हे राळेगावच्या बाजार समितीच्या यार्डात कापसाचा हर्रास, म्हणजे लिलाव, बोलायचे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते — कापसाच्या गाड्या ओळीने लागतात, व्यापारी मुठीत कापूस घेऊन धागा ओढून बघतात, आणि एक माणूस गाडीवर उभा राहून भाव चढवत नेतो. तो माणूस म्हणजे हे. माईक वगैरे काही नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज सकाळी तीन-चार तास नुसता गळ्याचा जोर. मी एसटीने यार्डावरून जायची तेव्हा खिडकीतून आवाज यायचा, आणि मी शेजारी बसलेल्या बाईला सांगायची, "हे आमचे बरं का."

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळीने अर्धं नेलेलं, उरलेल्याला भाव नाही. गाडी घेऊन आलेला माणूस भाव ऐकून खाली मान घालायचा. हे घरी येऊन म्हणायचे, "म्याच ढिल्लं बोल्लो त व्यापारी कायले चढते? आवाज पडला का भाव पडते." तसं काही नसतं हे त्यांनाही माहीत होतं. पण माणसाला आपलं काम मोठं वाटलं पाहिजे, नाहीतर तो सकाळी उठणार कशाला?

पहिल्यांदा तोंड आलं ते पोळ्याच्या सुमारास. जिभेच्या कडेला, गालांच्या आत, टाळूवर पांढरट फोड, मग घसा सुजला, थुंकी गिळवेना. मी म्हटलं उष्णता असेल. बी-कॉम्प्लेक्स दिलं, ग्लिसरीन लावलं. आठ दिवसांनी उतरलं, दहा दिवसांनी परत आलं. मग पुन्हा. दिवाळीपर्यंत असं पाचदा झालं.

आता कारणं म्हणाल तर पोतंभर. पहिलं कारण मला आयतंच सापडलं. हे शेतात फवारणी करत होते आणि पंपाचं नोझल तुंबलं की तोंडाने फुंकत होते! आमच्या भागात सगळे हेच करतात. माझ्या उपकेंद्राच्या भिंतीवर मीच पोस्टर लावलेलं — नोझल तोंडाने फुंकू नका. आणि माझ्याच घरचा माणूस बांधावर उभा राहून फुंकतोय.

"काहून फुंकता हो तुमी?" मी ओरडले. "थे इख होय, पिपाणी नोहे!"

"मंग काय करू? तार शोधत फिरू का वावरात?" हे म्हणाले. "बाप फुंके, आजा फुंके."

मी नवं नोझल आणलं, सोबत दोन सुया दिल्या, फवारणीला गडी लावला. त्यालाही सुई दिली. मला वाटलं, सापडलं. पुढच्या पंधरवड्यात तोंड आलंच.

मग खर्रा. सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला तो आमच्याकडचा खर्रा, दिवसाला तीन पुड्या. तो सोडवला. कसा सोडवला ते माझं मला माहीत, महिनाभर घरात लढाई चालू होती. मग समोरच्या खोलीतला कापूस. भाव येईल म्हणून आम्ही छताला लागेस्तोवर रचून ठेवला होता आणि त्याच खोलीत झोपायचो, अंगाला खाज, नाकात कापसाचे तंतू. तो पडेल त्या भावाने काढून टाकला, खोली शेणाने सारवली, मी आठ दिवस पांघरुणं धुवत होते. मग विहिरीचं पाणी बंद, कॅनचं पाणी सुरू. टूथपेस्ट बदलली. ठेचा बंद, वांगं बंद, दही सुरू, दही बंद. सासूबाई म्हणाल्या, "आता त्याले हवा बी बंद कर."

डॉक्टरही पोतंभरच झाले. यवतमाळला दाखवलं, नागपूरला दाखवलं. गालाचा तुकडा काढून तपासणीला पाठवला. त्या अकरा दिवसांत मी किती वेळा जेवले आठवत नाही. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. बुरशी नव्हती. पोटातलं आम्ल वर येतं का पाहिलं, ते नव्हतं. रक्त चांगलं होतं. मग एका तरुण डॉक्टरने खाली बघत विचारलं, दोघांपैकी कोणाचे बाहेर काही संबंध? काही आजार नवरा-बायकोत एकमेकांना तोंडातून लागतात. त्याचं बरोबरच होतं, मीसुद्धा पेशंटला हे विचारते. पण लॅबमधला प्रत्येक माणूस मला सिस्टर म्हणून ओळखणारा, आणि त्याच्यासमोर आम्ही दोघं बाह्या वर करून बसलो. बाहेर आल्यावर हे एवढंच म्हणाले, "चाय पेतं का?" आम्ही चहा घेतला. आमच्या दोघांच्याही रक्तात काही निघालं नाही.

या सगळ्यात मी एक शाळेची वही केली होती. तारीख, काय खाल्लं, कुठे गेले, औषध कोणतं, तोंड कधी आलं. दोन वर्षं लिहिली. एकदा बसून उलट चाळत होते तेव्हा दिसलं... मी महिनाभर ट्रेनिंगला यवतमाळला होते, तो महिना कोरा. भाऊबीजेला माहेरी आठ दिवस, कोरे. कॅम्पसाठी चार रात्री बाहेर, कोऱ्या. आणि मी घरी परत आले की दर वेळी तिसऱ्या दिवशी तोंड.

तेव्हा मी वही मिटली आणि स्वयंपाकाला लागले. योगायोग असेल म्हटलं. माणूस स्वतःचं नाव असं सहजासहजी लिहीत नाही.

पण मग तपासून पाहिलं, कारण न पाहता राहवेना. सासूबाईंनी स्वयंपाक करायचा, मी भांड्याला हात लावायचा नाही — तोंड आलंच. माझं अंथरूण आतल्या खोलीत, यांचं ओसरीवर — आलंच. साबण, तेल, पावडर, सगळं बदललं — आलंच. मी दिवसभर घरी थांबून संध्याकाळच्या एसटीने मैत्रिणीकडे झोपायला गेले, तर आलं नाही! एक रात्र, बस. मी रात्री त्या घरात असले की तिसऱ्या दिवशी तोंड येतं. दिवसाचं काही नाही.

गावाला कळायला वेळ लागत नाही. नळावर बायका म्हणायला लागल्या, सिस्टरचा पायगुण, बायकोचं सोसत नाही त्याला. मला संताप यायचा. आणि जास्त संताप याचा यायचा की माझी वहीसुद्धा तेच म्हणत होती. सासूबाई मात्र एका शब्दानेही मला लागेल असं बोलल्या नाहीत. फक्त एकदा चादर झटकताना यांच्या उशीखाली लिंबू सापडलं. मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मी नाही मानत माय असलं काई. पन एका लिंबानं काय जाते?"

त्या लिंबाचं मी सरबत केलं. भांडायचीसुद्धा ताकद नव्हती.

मग एका वयस्कर डॉक्टरांनी यांना बाहेर बसवून मला विचारलं, "तुमच्या दोघांत काही बोलायचं राहिलंय का?" मी नाही म्हटलं, आणि परतीच्या एसटीत वडकीपर्यंत विचार करत राहिले. राहिलं होतं. माझे वडील गेले त्या दिवशी यार्डात मुहूर्ताचा हर्रास होता, हंगामाची पहिली गाडी. हे मातीला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, पेढे घेऊन येतात तसा चेहरा करून. मी तेव्हा काहीच बोलले नव्हते, चार वर्षं बोलले नव्हते. तर घरी येऊन बोलले. सगळं बोलले. यांनी ऐकून घेतलं आणि मग लहान पोरासारखे रडले. "मले वाटलं तू समजली अशीन," म्हणाले. मीपण रडले. आम्ही दोघं त्या रात्री कितीतरी वर्षांनी हलके होऊन झोपलो. मला अगदी खात्री वाटली होती की आता संपलं.

तिसऱ्या दिवशी तोंड आलं.

तरी मनात एक आशा होती. यांनाही आता वही माहीत होती ना. मग हे मनाचंच असेल, मी आहे म्हटल्यावर धास्तीने होत असेल. ते शोधायला म्हणून यांना महिनाभर उमरखेडला बहिणीकडे पाठवलं. तोंड एकदम स्वच्छ, मिरचीची भजी खाल्ल्याचे फोन. आणि त्याच महिन्यात माझ्या बॅचच्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न निघालं, तेही उमरखेडलाच. मी यांना सांगितलं नाही. नणंदेला नाही, सासूबाईंनाही नाही — त्यांना सांगितलं पुसदला ड्यूटी आहे. यवतमाळ, पुसद, उमरखेड अशा तीन एसट्या बदलून गेले, गावाच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणीकडे एक रात्र झोपले, लग्न लावलं आणि परत आले. यांना दिसले नाही, फोनवर बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नणंदेचा फोन. "वयनी, भाऊचं तोंड आलं पाय. काल रातपासून पाणी बी गिळत नाही. आतापावतो त चांगला होता वं!"

फोन ठेवल्यावर मी उपकेंद्राच्या पायरीवर बसून राहिले. लसीकरणाचा दिवस होता, बाया पोरं घेऊन आल्या होत्या.  धास्ती म्हणावी तर त्यांना माहीतच नव्हतं. घर म्हणावं तर ते घर नव्हतं. मधे अख्खं उमरखेड होतं.

त्यानंतर मी एकच केलं. वीस किलोमीटरवरच्या उपकेंद्रात बदली मागून घेतली आणि तिथल्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. प्रज्ञाला सोबत नेलं. रविवारी सकाळी घरी यायचं, दिवसभर राहायचं, संध्याकाळच्या पाचच्या एसटीने परत. यांचं तोंड बरं झालं. आवाज परत आला. त्या हंगामात यार्डात म्हणे यांच्यासारखा हर्रास कोणी बोललाच नाही. आणि मी क्वार्टरमध्ये दोघींपुरत्या पोळ्या करायची. प्रज्ञा विचारायची, आपण बाबांकडे पाहुणे आहोत का? दोन वर्षं असं चाललं. लोकांना वाटलं आमचं मोडलं. मलापण कधीकधी तसंच वाटायचं, खोटं का बोलू.

मग एका रविवारी मी पाचच्या एसटीसाठी पिशवी उचलली तर हे दारात उभे. "नोको जाऊ," म्हणाले. "पाहू त खरं. दोन वर्सं झाले. गेलं अशीन थे."

मी थांबले. तिसरा दिवस आला. मी सकाळपासून तोंडाकडे बघत होते. हे हसले. "काई नाही! पाय, भाकर खाऊन राह्यलो." आठवडा गेला, महिना गेला. वांग्याची भाजी, ठेचा, सगळं खात होते. मी पुन्हा जवळची बदली मिळवली, सामान आणलं. सासूबाईंनी पुरणाचा स्वयंपाक केला. मला इतकं बरं वाटत होतं की मी वहीला हातही लावला नाही. घरी हे कमी आणि तोंडातल्या तोंडात बोलायचे, ते मी हर्रासाच्या थकव्यावर घातलं; बॅटरी घेऊन तोंड तपासायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. वीस वर्षं नर्स असून!

चार महिने असे गेले. माघातला दिवस होता, अकराची वेळ. मी लसीचा डबा घेऊन एसटीने राळेगावला चालले होते. यार्डाजवळ गाडी हळू झाली आणि खिडकीतून हर्रास ऐकू आला. आवाज यांचा नव्हता.

मी तिथेच उतरले. गाडीवर कोणीतरी दुसराच माणूस उभा राहून भाव बोलत होता. मला वाटलं हे चहाला गेले असतील. एका हमालाला विचारलं तर त्याने वजनकाट्याकडे बोट दाखवलं. "भाऊ थ्या काट्यावर राह्यते न आता, वयनी. दिवाईपासूनच. बोलताच येत नाही त्याहिले." मग हळूच म्हणाला, "नागपूरले नेऊन आले काय तुमी? कॅन्सर होय म्हन्ते सारे..."

हे काट्याच्या खोलीत स्टुलावर बसून वजनाच्या चिठ्ठ्या लिहीत होते. मला पाहून उठले. मी दार लावलं. "आ करा," म्हटलं.

"इथं कायले? घरी—"

"आ करा म्हन्ते ना!"

त्यांनी तोंड उघडलं. मी आजवर इतकं वाईट तोंड पाहिलं नव्हतं. दोन्ही गाल आतून सोललेले, जिभेच्या कडा लाल, घशात पांढरे डाग, एका बाजूने रक्त येत होतं. त्या तोंडाने ते चार महिने माझ्यासमोर बसून ठेचा-भाकर खात होते आणि आणखी वाढ म्हणत होते.

"कधीपासून?"

"तू आली तवापासून." शब्द नीट उमटत नव्हते. "तिसऱ्याच दिवशी आलं."

"मंग सांगतलं काहून नाही मले?"

यांनी हातातल्या चिठ्ठीची घडी केली. बाहेर तो दुसरा माणूस भाव बोलत होता, जरा घाईतच बोलत होता. मग हे म्हणाले, "सांगतलं असतं त तू पाचच्या गाडीनं गेली असती."

मी त्यांना तिथेच उमरखेडचं सांगून टाकलं, लग्नाचं, त्या रात्रीचं. ते ऐकून त्यांना हसू आलं आणि हसताना ओठ फाटला. "मंग त कायचाच इलाज नाही," म्हणाले. "दूर जाऊन बी तू कुठवर जाशीन?"

त्या दिवशी मी रजा टाकली आणि यांना घेऊन दवाखान्यात गेले. कॅन्सर नाही, परत तेच. कारण नाही, परत तेच. आता दर तीन महिन्यांनी तपासून घेतो. औषधाने थोडं उतरतं, चार-आठ दिवस बरे जातात, पुन्हा येतं. हर्रास सुटला तो सुटलाच. यांचं जेवण वेगळं, मऊ भात, गार वरण, बिनतिखटाचं. हे घरात खुणेने बोलतात आणि प्रज्ञा त्याचं भाषांतर करते, स्वतःच्या फायद्याचं. मी थकले आहे, हे लिहायला मला लाज नाही. दुसरी कोणी पेशंट असती तर मी त्या बाईला सरळ सांगितलं असतं — वेगळ्या राहा, दिसतंय ना तुम्हाला. मलाही दिसतं. मी जात नाही. ते जाऊ देत नाहीत.

कोणाला असा अनुभव असेल, एखादी तपासणी राहिली असेल, एखादा डॉक्टर माहीत असेल, तर जरूर कळवा. आम्ही जाऊ, कितीही लांब असू दे. देवऋषी सुचवू नका. आणि लांब राहून बघा, असंही कोणी लिहू नका. ते आम्ही दोन वर्षं करून पाहिलं. त्याने यांचं तोंड बरं झालं होतं, पण बोलायला समोर कोणी नव्हतं.